तळटीप : बेब झहारियस

१. लेखकाने येथे ‘बेब’ एवढ्याच सलगीच्या नावाने जिचा उल्लेख केला आहे ती, टेक्ससमधील पोर्ट आर्थर येथे १९११ साली जन्मलेली मिल्ड्रेड डिड्रिक्सन, म्हणजेच मल्ल जॉर्ज झहारियस यांच्याशी विवाह झाल्यानंतरची बेब झहारियस होय. १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये भालाफेक व ८० मीटर अडथळ्यांची शर्यत यांत सुवर्णपदके आणि उंच उडीत रौप्यपदक मिळविलेल्या या स्त्रीने १९३५ मध्ये टेक्ससची हौशी गोल्फ स्पर्धा जिंकताच, अन्य खेळांतून द्रव्यार्जन केल्याच्या सबबीवर, अमेरिकन गोल्फ संघटनेने तिला हौशी खेळाडूंतून खारिज केले; हा हुकूम १९४३ पर्यंत अमलात होता. (धंदेवाईक स्त्रियांसाठी स्पर्धाच जवळजवळ नसलेल्या त्या काळी हा इन्साफ अजबच म्हणावयाचा.) हक्क बहाल झाल्यावर १९४६ मध्ये अमेरिकेचे व १९४७ मध्ये ब्रिटनचे हौशी अजिंक्यपद संपादून (दुसरे मिळविणारी ती पहिलीच अमेरिकन) तिने स्वखुशीने व्यवसाय पत्करला, आणि १९५० मध्ये स्त्रियांची व्यावसायिक गोल्फ संघटना स्थापन करणाऱ्या १३ जणींत ती होती. लेखकाने ज्याला ‘दुखण्यानंतरचा विजय’ म्हटले आहे तो १९५४ चा : आदल्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया होऊन मलविसर्जनाचा मार्ग पोटावर काढलेला असताना, तिने मॅसॅच्युसेट्समधील सेलम कंट्री क्लबच्या मैदानावर अमेरिकेची खुली स्पर्धा १२ फटक्यांच्या अंतराने जिंकली. पुढे रोग उलटून सप्टेंबर १९५६ मध्ये ती निवर्तली. — संपादक