‘इल ग्रिदो’ची कुळकथा

मिकेलांजेलो आंतोनिओनीचा ‘इल ग्रिदो’, म्हणजे ‘किंकाळी’, १९५७ साली आला. त्याचं कूळ मात्र १९३९ सालच्या एका लेखापर्यंत जातं. फेर्रारा शहरात वाढलेल्या तरुण आंतोनिओनीने ‘चिनेमा’ या नियतकालिकात पो नदीवर चित्रपट कसा करता येईल, याचा विचार मांडला होता. पुढे १९४३ मध्ये कॅमेरा घेऊन तो खरोखरच त्या काठावर उतरला. मालवाहू नावांवरची कुटुंबं, त्रिभुज प्रदेशातल्या झोपड्या, आत शिरणारं पाणी, असं सगळं त्याने टिपलं. युद्धाच्या धामधुमीत त्यातली बरीच फिल्म गेली. उरली त्यातून जेमतेम दहा मिनिटांचा ‘जेंते देल पो’ हा माहितीपट १९४७ मध्ये पुरा झाला. १९४३ च्याच सुमारास त्याच नदीच्या परिसरात लुकिनो विस्कोंतीने ‘ओस्सेस्सिओने’ केला होता. इटालियन नववास्तववादाचा उगम अनेक जण त्या चित्रपटात पाहतात.

नववास्तववाद म्हटलं की आपल्याला आठवतो दे सिकाचा ‘बायसिकल थीव्ज’. १९५२ च्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो मुंबईकरांनी पाहिला. तिथे कामगाराचं दुःख म्हणजे चोरीला गेलेली सायकल: ती मिळाली तर नोकरी टिकेल, घर चालेल. आंतोनिओनीला पुढचा प्रश्न पडला. सायकलचा प्रश्न बाजूला ठेवला, तर या माणसाच्या मनात काय चाललेलं असतं?

‘इल ग्रिदो’तला आल्दो साखर कारखान्यात मेकॅनिक आहे. हाताला काम आहे, घर आहे, सोबत इर्मा आहे, रोझिना नावाची लहान मुलगी आहे. इर्माचा नवरा ऑस्ट्रेलियात वारल्याची बातमी येते. इतकी वर्षं तिच्यासोबत राहिलेल्या आल्दोला वाटतं, आता लग्न करता येईल. पण इर्माचं मन दुसऱ्यावर जडलेलं आहे. भर गावात तो तिला मारतो आणि मुलीला घेऊन वाट फुटेल तिकडे निघतो. जुनी प्रेयसी एल्व्हिया, पेट्रोलपंप चालवणारी व्हर्जिनिया, नदीकाठच्या खोपटातली आंद्रेइना: प्रत्येकीच्या दारात थोडा निवारा मिळतो, पण तो कुठेच रुजत नाही. मुलीलाही मधूनच परत पाठवून देतो. जान्नी दि व्हेनान्झोच्या कॅमेऱ्याने टिपलेली हिवाळ्यातली सपाट, चिखलाची, धुकट जमीन इथे निव्वळ पार्श्वभूमी नाही. आल्दोला पुढचं काही दिसत नाही, ते ती जमीनच सांगते.

शेवटी तो गावी परततो. विमानतळासाठी जमिनी जाणार म्हणून गावकरी आणि कामगार रस्त्यावर उतरलेले असतात. आल्दो त्या गर्दीच्या उलट दिशेने चालत जाऊन कारखान्याच्या मनोऱ्यावर चढतो. माझ्या मते या चित्रपटाचं सगळं धाडस या प्रसंगात आहे. कष्टकऱ्याचं दुःख चळवळीला जोडूनच दाखवायचं, या त्या काळच्या अपेक्षेला आंतोनिओनीने नकार दिला. प्रेमात मोडून पडणं ही काही फक्त सुखवस्तूंची चैन नव्हे, हे त्याने ठामपणे दाखवलं, आणि मला ते पूर्ण पटतं.

लोकार्नो महोत्सवात चित्रपटाचा गौरव झाला, इटलीत मात्र तो फारसा चालला नाही. तरी वंश पुढे वाढला. व्हर्जिनियाच्या भूमिकेत दिसते दोरियन ग्रे, पण आवाज मोनिका व्हित्तीचा आहे. तीच १९६० च्या ‘लाव्हेन्तुरा’ची नायिका झाली. १९६४ मध्ये ‘देझेर्तो रोस्सो’साठी आंतोनिओनी तिला घेऊन पोच्या मुखापासून जवळच्या रावेन्नात आला, या वेळी रंगीत फिल्म घेऊन. कारखाने तिथेही होते, पण आता कथा कामगाराची नव्हती, व्यवस्थापकाच्या बायकोची होती.