बाप, लेक आणि ल्यूपस
१९४१. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात एडवर्ड ओ'कॉनर ल्यूपसने वारले. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उलटते, असा हा आजार. परिणामकारक औषध तेव्हा नव्हते. लेक फ्लॅनरी पंधरा वर्षांची होती.

१९५० च्या डिसेंबरात हाच आजार लेखिका झालेल्या फ्लॅनरींना गाठतो. मधल्या काळात, १९४९ मध्ये, मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन आणि एसीटीएच या संप्रेरकांचा संधिवातावरील गुण जगापुढे मांडला होता. डुकरांच्या ग्रंथींतून काढलेल्या एसीटीएचने फ्लॅनरी वाचल्या. आईने मात्र त्यांना 'संधिवात' एवढेच सांगितले. खरे नाव १९५२ मध्ये मैत्रिणीकडून कळले. हे लपवणे मायेपोटी असेल, तरी मला ते क्रूरच वाटते.

मग मिलेजविलजवळच्या शेतावर दिनक्रम बसला: सकाळचे दोन-तीन तास लेखन, अळणी जेवण, स्वतःच टोचून घेतलेली इंजेक्शने, अंगणात मोर. औषधाची किंमत हाडांनी मोजली. १९५५ पासून कुबड्या आल्या. १९५८ मध्ये नातलगाच्या आग्रहाने त्या फ्रान्समधील लूर्दच्या तीर्थकुंडात उतरल्या. प्रार्थना केली ती हाडांसाठी नव्हे, अपुऱ्या कादंबरीसाठी. १९६० मध्ये ती प्रसिद्ध झाली.

ऑगस्ट १९६४ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्या गेल्या. त्याआधी रुग्णालयातही त्या कथेचे कागद उशीखाली दडवून ठेवत.