फलकव्यवसाय व लेसर-कर्तनयंत्राची निवड : एक ऐतिहासिक टिपण

फलक तयार करणाऱ्या कारखान्याने मोठ्या आकाराचे लेसर-कर्तनयंत्र घेताना प्रथम त्याची शक्ती किती वॉट आहे हे पाहावे, अशी समजूत आढळते. या यंत्राचा इतिहास मात्र निराळा निकष सुचवितो.

इ. स. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर सिद्ध केला. १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी कार्बन डायॉक्साइड वायूचा लेसर निर्माण केला. पटेल यांचा जन्म बारामतीचा व अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. या लेसरच्या १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण ॲक्रिलिक व लाकूड उत्तम शोषून घेतात; चकचकीत धातू ते बहुतांशी परावर्तित करतात. १९६७ मध्ये इंग्लंडात पीटर हाउल्डक्रॉफ्ट यांनी अवघ्या ३०० वॉटच्या अशा लेसरला प्राणवायूच्या झोताची जोड देऊन १ मिलिमीटर जाडीचे पोलाद कापले. येथेही निर्णायक ठरली ती केवळ शक्ती नव्हे. उलटपक्षी, पुढे आलेल्या फायबर लेसरचे सुमारे १ मायक्रोमीटरचे किरण धातूस उपयुक्त असले, तरी पारदर्शक ॲक्रिलिकमधून ते बव्हंशी आरपार जातात.

तात्पर्य, माल कोणता याचा निर्णय आधी, यंत्राचा नंतर. ८ × ४ फुटांचा अखंड पत्रा मावेल एवढा मंच त्यानंतर पाहावा. पीव्हीसी मात्र कोणत्याही लेसरने कापू नये. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड कामगाराच्या फुप्फुसांस व यंत्रास सारखाच घातक असतो.