कापून उरलेल्या तुकड्यांची गोधडी

हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. आज गोष्ट गोधडीचीच आहे, पण ती आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली आहे.

तिथं अलाबामा नदीच्या वळणात जीज बेंड नावाचं गाव आहे. तिन्ही बाजूंनी पाणी. गावातल्या कृष्णवर्णीय लोकांचे पूर्वज इथल्या कापसाच्या मळ्यात गुलाम म्हणून राबले. पेटवे हे मळ्याच्या मालकाचं आडनाव. आजही गावातल्या कितीतरी घरांचं आडनाव तेच आहे. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली, पण जमीन मालकाकडेच राहिली. लोक वाट्यानं शेती करत राहिले आणि उधारीत अडकले. १९३२ मध्ये उधार देणारा एक व्यापारी वारला. त्याच्या बायकोनं वसुलीला माणसं पाठवली. त्यांनी जनावरं, अवजारं आणि घरात साठवलेलं धान्यसुद्धा नेलं.

अशा घरात थंडीचं पांघरूण विकत कुठून येणार? बायका जुने कपडे फाडायच्या, चांगला भाग कापून घ्यायच्या, तुकड्याला तुकडा जोडायच्या. मधे कापूस, खाली अस्तर, आणि वरून धावदोरा. १९४२ मध्ये मिझुरी पेटवे यांनी आपल्या वारलेल्या नवऱ्याच्या शेतात घालायच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि ती मायेनं अंगावर घेता यावी, एवढ्यासाठी. आईच्या लुगड्याची गोधडी जपून ठेवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

पुढं मतदानाच्या हक्काची चळवळ सुरू झाली. गावातले लोक नदीपलीकडच्या कॅमडन या शहरात मतदार म्हणून नाव नोंदवायला जाऊ लागले. १९६२ मध्ये पलीकडे नेणारी नाव बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडलं. त्या भागात नाव नोंदवलं म्हणून काही कुटुंबांना राहत्या जागेतूनही काढलं गेलं.

त्याच काळात फ्रान्सिस वॉल्टर नावाच्या धर्मगुरूंनी एका घराबाहेर दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या पाहिल्या. त्यांनी आसपासच्या घरांतून एकेक गोधडी दहा डॉलरला घेतली आणि न्यूयॉर्कमध्ये लिलावात विकायला पाठवली. १९६६ मध्ये या बायकांनी आपली सहकारी संस्था काढली. नाव ठेवलं ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’, म्हणजे गोधडी शिवणाऱ्यांचं स्वातंत्र्य मंडळ. कारभार एस्टेल विदरस्पून या बाईंनी सांभाळला. संस्थेनं जमीन घेतली, शिवणकामाची इमारत बांधली, घराबाहेर काढलेल्या कुटुंबांना त्या जमिनीतले प्लॉट विकले.

ऑर्डरी आल्या, तशी एक अडचणही आली. दुकानांना प्रत्येक नग सारखा हवा असायचा. तेच माप, तोच नमुना, ठरलेले रंग. घरी तर प्रत्येकीची गोधडी वेगळी! पण रोख पैसा लागत होता, म्हणून त्यांनी मापात शिवणंही शिकून घेतलं. १९७२ मध्ये सिअर्स या मोठ्या दुकानाचं उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं. कापड होतं कॉर्डुरॉय, उभ्या रेघांचं, जाड आणि लवदार. सोनेरी, हिरवं, नारिंगी, लाल. अभ्रे कापून झाले की पट्ट्या उरायच्या. त्या बायका घरी न्यायच्या आणि मनाला येईल तशा जोडायच्या. जाड कापडात बारीक नक्षी होत नाही, म्हणून मोठे चौकोन, लांब पट्टे, ठळक रंग. मधे एक चौकोन आणि भोवती घराच्या छपरासारख्या पट्ट्या, हा तर त्यांचा खास आवडता नमुना.

२००२ मध्ये ह्यूस्टनच्या कला संग्रहालयानं जीज बेंडच्या गोधड्यांचं प्रदर्शन भरवलं. त्यात या कॉर्डुरॉयच्या गोधड्याही होत्या. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं जीज बेंडच्या गोधड्यांची तिकिटं काढली. ठरलेल्या मापाच्या अभ्र्यांनी घर चाललं, पण भिंतीवर मानानं लागल्या त्या उरलेल्या पट्ट्यांच्या गोधड्या.

मैत्रिणींनो, दहा डॉलरची गोधडी काही वेगळ्या हातांची नव्हती. कापडही तेच, टाकेही तेच. फक्त तेव्हा भाव दुसरा कोणी ठरवत होता. आपल्या गटातही शिंप्याकडच्या चिंध्यांतून गोधड्या होतात. ‘चिंध्याच तर आहेत’ म्हणून आपण कापडाचा खर्च शून्य धरतो आणि त्याबरोबर आपले दिवसही शून्य धरून बसतो. पुढच्या बैठकीत एका गोधडीला किती दिवस गेले, ते वहीत लिहा. मग सगळ्याजणी मिळून भाव ठरवा. आणि उरलेल्या तुकड्यांतून एक तरी गोधडी आपल्या मनासारखी शिवा.