गोष्ट कोणाच्या खात्यावर?

बँकेत ‘कलेक्शन’ हा शब्द फार जपून वापरतात. दुसऱ्या बँकेवरचा चेक गिऱ्हाईकानं काउंटरवर दिला की आम्ही तो कलेक्शनला घेतो, स्लिपवर शिक्का मारतो आणि पैसे आले की गिऱ्हाईकाच्या खात्यावर टाकतो. या सगळ्यात बँक म्हणजे नुसता हमाल. चेक गोळा केला म्हणून तो बँकेचा होत नाही. बी. कॉम.ला हा नियम मी इतक्या वेळा पाठ केला होता की परीक्षेत तो प्रश्न आला नाही, तरी मी त्याचं उत्तर लिहून आलो. मार्क मिळाले नाहीत, पण नियम डोक्यात बसला तो बसलाच. गोळा करणारा निराळा आणि मालक निराळा.

हा नियम आपल्याला शिकवला साहेबानं. पण गोष्टींच्या बाबतीत तो स्वतःच विसरला, असं माझं गेल्या चार-सहा महिन्यांचं संशोधन आहे. ‘संशोधन’ हा शब्द ऐकून आमच्या सौ. हसल्या. तुम्हीही हसायला हरकत नाही.

त्याचं असं झालं. एका रात्री वीज गेली. करमणुकीची सगळी यंत्रं एकदम मुकी झाली आणि आमच्या कन्यारत्नाला बापाची आठवण झाली. “बाबा, गोष्ट सांग ना.” मी मोठ्या तोऱ्यात आजीची गोष्ट काढली. राक्षसाचा प्राण पोपटात असतो, ती. आटपाट नगर झालं, पळवलेली राणी झाली, राजपुत्र निघाला, रान झालं, पिंजरा हातात आला आणि पोपट राजपुत्राला काहीतरी बोलला. काय बोलला, ते मला काही केल्या आठवेना! आजी त्या ठिकाणी आवाज बारीक करायची आणि माझ्या कानाशी तोंड आणायची, एवढं स्वच्छ आठवत होतं. शब्द मात्र गेले. शेवटी मी म्हटलं, “पोपट म्हणाला, राम राम.”

“मरताना कुणी राम राम म्हणतं का?” कन्येनं विचारलं.

तसं पाहिलं तर मरताना राम म्हणणं ही आपल्याकडची रीतच आहे. पण एवढ्यात वीज आली आणि माझी अब्रू वाचली.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेलो आणि लोककथांचं काही आहे का, म्हणून विचारलं. ग्रंथपालांनी एका इंग्रजी पुस्तकाची पुनर्मुद्रित प्रत हातात ठेवली. नाव ‘ओल्ड डेक्कन डेज’, साल 1868, लंडनची छपाई. लेखिका म्हणून नाव मेरी फ्रिअर. पहिलीच गोष्ट उघडली आणि मी उभ्याचा बसलो. रान, रानात ताडाच्या झाडांचं कडं, कड्याच्या मधोमध एकावर एक ठेवलेली पाण्याची सहा भांडी, सगळ्यांत खाली छोटा पिंजरा आणि पिंजऱ्यात हिरवा पोपट! आमच्या आजीचा पोपट लंडनला जाऊन आला होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

हा पोपट विलायतेला कसा पोचला, ती हकिकत गोष्टीपेक्षा सरस आहे. मेरीचे वडील सर बार्टल फ्रिअर 1862 ते 1867 या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले ते यांच्याच कारकिर्दीत. 1865-66च्या हिवाळ्यात साहेब दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाले. पुणं, सातारा, कोल्हापूर, बेळगाव असा सगळा लवाजमा. लेडी फ्रिअर तेव्हा इंग्लंडात होत्या, म्हणून वीस वर्षांची मेरी वडिलांबरोबर होती. एवढ्या मोठ्या तळावर दुसरी मडम नाही. वाचून झालं, पत्रं लिहून झाली, चित्रं काढून झाली. आता करायचं काय? (वीज तेव्हा नव्हतीच, त्यामुळे ती जाण्याची वाट पाहावी लागली नाही.) तेव्हा मेरी आपल्या आयाला म्हणाली, “एखादी गोष्ट सांग.”

या आयाचं नाव ॲना लिबेराता डिसूझा. ती म्हणाली, ते काही मला जमायचं नाही.

इथे मला ती बाई एकदम घरची वाटली. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला गोष्ट सांग म्हणा, पहिलं उत्तर हेच येणार. मला मेलीला कुठल्या येतात गोष्टी! तो नकार नसतो, गाण्याआधीचा नुसता खाकरा असतो. मेरीही पक्की. ती म्हणाली, तुला मुलं-नातवंडं आहेत, त्यांना सांगत असशीलच की. मग ॲनानं आपल्या आजीकडून लहानपणी ऐकलेली पोपटाची गोष्ट काढली. एक झाली, दुसरी झाली, आणि होता होता चोवीस गोष्टींचं पुस्तक झालं. मेरी गोष्ट लिहून काढायची आणि मग ॲनाला वाचून दाखवायची. काही चुकलंय का? काही राहिलंय का? आमच्या भाषेत याला पडताळणी म्हणतात. या बाबतीत मेरीला शंभरापैकी शंभर.

पण आता पुस्तकाचं पहिलं पान पाहा. तिथे छापलंय की मौखिक परंपरेतून गोळा करणार, एम. फ्रिअर. आता परंपरा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काहीतरी वाऱ्यावर तरंगणारं येतं. मेरीपुढे जी परंपरा बसली होती तिला हातपाय होते, महिन्याचा पगार होता आणि ॲना लिबेराता डिसूझा असं चांगलं भरभक्कम नाव होतं. ते मुखपृष्ठावर आलं नाही. चेक तिचा, कलेक्शन मेरीचं आणि जमा कुणाच्या खात्यावर, ते उघडच आहे.

तरी मेरीला सरसकट दोष देऊन चालणार नाही. त्या काळी फारसं कुणी करत नव्हतं असं एक काम तिनं केलं. पुस्तकाच्या आरंभी तिनं ॲनाची स्वतःची कहाणी, तिच्याच तोंडच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, छापून टाकली. ॲनाचं घराणं मूळचं लिंगायत, कालिकतकडचं. आजोबांच्या वेळी ते गोव्याकडे आलं आणि ख्रिस्ती झालं. नवरा वारल्यावर मुलांसाठी ॲनानं आयाची नोकरी धरली. गोष्टी सांगणारी ती आजी तिच्या बोलण्यात सारखी येते. आणि दर दोन पानांनी येते ती महागाई! पूर्वी कसं सगळं स्वस्त होतं, थोडक्यात कसं भागायचं आणि आता बघा. गव्हर्नरच्या मुलीपुढे बसून ही बाई गव्हर्नरच्या राज्यातल्या भाववाढीची तक्रार करते आणि ती तक्रार लंडनमध्ये छापून येते. आमच्या युनियनला इतक्या वर्षांत हे साधलेलं नाही.

त्याच हकिकतीत, बोलता बोलता, ॲना आपल्या एकुलत्या एका मुलाबद्दल सांगते. तो पुण्याच्या नदीत बुडून गेला. ते वाचलं आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. या बाईला आपण परंपरा म्हणायचं?

तो पोपट मात्र पुढे खूप उडाला. पुस्तकाच्या आवृत्त्या निघाल्या, इतर भाषांत भाषांतरं झाली. जेम्स फ्रेझर या पंडितानं 1890 साली ‘गोल्डन बाउ’ हा प्रचंड ग्रंथ काढला. त्यात माणसाचा प्राण शरीराबाहेर ठेवण्याच्या कल्पनेवर लिहिताना त्यानं जगभरचे दाखले दिले, त्यांत हा पोपटही आहे. ॲना 1887च्या ऑगस्टमध्ये गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये वारली. आज तिथे पुणे विद्यापीठ आहे. त्या आवारात मी अनेकदा गेलो आहे. मार्कलिस्टची नक्कल काढायला, भाचीचा अर्ज भरायला. इतक्या गोष्टी सांगितलेली बाई इथे वारली, हे त्या सगळ्या रांगांत मला कुणी सांगितलं नाही. दोष रांगांचा नाही, मीही कुणाला विचारलं नव्हतं.

फ्रिअरबाईंनंतर गोष्टी गोळा करायची साथच आली. 1879 साली कलकत्त्यात मेव्ह स्टोक्स या शाळकरी वयाच्या मुलीचं पुस्तक निघालं. वडील मोठे कायदेपंडित, गोष्टी सांगणारे घरचे नोकर: दुन्कनी आणि मुनिया या दोन आया आणि करीम खिदमतगार. पंजाबात कॅप्टन रिचर्ड टेम्पल आणि फ्लोरा ॲनी स्टील गोष्टी टिपत होते. टेम्पलनं लालबिहारी दे या बंगाली गृहस्थांना गळ घातली की बंगालच्या गोष्टी तुम्ही लिहा. दे यांच्या प्रस्तावनेनं मला फार धीर आला. ते म्हणतात, लहानपणी एका म्हातारीकडून शेकड्यांनी गोष्टी ऐकल्या होत्या, पण आता एकीचं शेपूट दुसरीच्या डोक्याला चिकटलंय. एवढ्या विद्वान माणसाची ही गत, तिथे माझ्यासारख्या कारकुनाचा पोपट मुका झाला तर नवल काय! मग त्यांनी नव्यानं गोष्टी सांगणारी माणसं शोधली आणि 1883 साली पुस्तक काढलं. पण त्या म्हातारीचं नाव काय? तर ‘शंभूची आई’. शेकडो गोष्टी येणाऱ्या बाईला स्वतःच्या नावाची एक गोष्ट मिळाली नाही.

आपल्याकडे तर सरकारी पद्धत निघाली. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन (1909 साली अनंत कान्हेऱ्यांनी ज्यांना गोळी घातली तेच) यांनी लोकसमजुतींची एक प्रश्नावली काढून गुजरात-कोकणातल्या शाळामास्तरांकडे धाडली होती. वरून सर्क्युलर आलं की काय होतं, हे मला सांगायला नको. मास्तरांनी रात्री कंदिलाशी बसून भुताखेतांची, नवससायासांची माहिती भरून पाठवली असणार. जॅक्सन गेल्यावर एन्थोव्हेन साहेबांनी ती पुस्तकरूपानं काढली. कोकणाचा भाग 1915चा. त्यात पुष्कळ ठिकाणी तळटीप असते ती अशी: शाळामास्तर, अमुक गाव, जिल्हा रत्नागिरी. नाव नाही, नुसता हुद्दा! उद्या माझ्याबद्दल कुणी ‘कारकून, काउंटर नंबर चार’ असं लिहिलं तर मला कसं वाटेल?

आणि 1914 साली किंकेड या आय. सी. एस. साहेबांनी आपल्या श्रावणातल्या वारांच्या कहाण्या इंग्रजीत आणल्या. चित्रं आमच्या धुरंधरांची. माझी आजी श्रावणी सोमवारी हातात अक्षता घेऊन सांगायची त्या कहाण्या मी इंग्रजीत वाचल्या आणि डिक्शनरी न उघडता मला कळल्या. माझ्या इंग्रजीचं एवढं मोठं यश दुसरं नाही.

इथवर आल्यावर साहेबाच्या नावानं बोटं मोडून निबंध संपवणं सोपं होतं. राज्य नेलं, सोनं नेलं, गोष्टीही नेल्या! टाळ्याही पडल्या असत्या. पण रात्री अंथरुणावर पडलो आणि हिशेब जुळेना. गोष्ट नेली म्हणजे आपल्याकडची कमी थोडीच झाली? मेरीनं लिहून घेतल्यामुळे ॲनाची गोष्ट गेली नाही, उलट राहिली. गेली ती माझ्या आजीची. ती कुठल्या साहेबानं नेली? आजी माझ्यापासून हातभर अंतरावर पंचवीस वर्षं बसली होती. घरात कागद होता, पेन्सिल होती. दुधाचा हिशेब तारीखवार लिहिलेला होता, तो अजून माळ्यावर आहे. 1988च्या मार्चमध्ये किती लिटर दूध आलं, ते मी आजही पावशेराची चूक न करता सांगू शकतो. पोपट काय बोलला, ते नाही.

साहेबानं नाव खाल्लं हे खरंच. पण आम्ही तर गोष्टच खाल्ली.

शेवटी मी आईकडे गेलो. आई आता ऐंशीच्या घरात आहे. शेंगा सोलत बसली होती. म्हटलं, “आई, आजीची ती पोपटाची गोष्ट तुला येते का गं?”

“मला मेलीला कुठल्या येतात गोष्टी!” आई म्हणाली.

मी धावत जाऊन वही आणली. कारण हा नकार नव्हे, हे आता मला ॲनाकडून कळलं होतं. पहिल्या पानावर तारीख घातली. खाली आईचं नाव, माहेरचं आणि सासरचं दोन्ही, आणि त्याखाली आजीचं नाव लिहिलं. माझं नाव कुठेच घातलं नाही, कारण मी नुसता कलेक्शनला. आईनं शेंगांचं ताट बाजूला सारलं, चष्मा लावला आणि वहीत डोकावून पाहिलं.

“एवढं सगळं लिहिलंस ते बरं केलंस,” ती म्हणाली, “पण सही कुठं करायची?”