महाधमनीचा फुगा आणि फाट्याचे पाणी



वसमतकडची आपली मंडळी सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर शेते भिजवतात. कालवा, त्याचा फाटा, फाट्याची चारी, ही उतरंड त्यांना समजावून सांगायला नको. आज शरीरातल्या अशाच एका कालव्याची हकीगत सांगायची आहे.

हृदयातून निघालेली महाधमनी पोटातून खाली येते आणि बेंबीच्या सुमारास तिचे दोन फाटे होतात, एकेका पायाकडे जाणारे. प्रत्येक फाट्याला पुन्हा दोन वाटा. बाहेरची मांडीत उतरते; आतली कुल्ल्यांना आणि ओटीपोटातल्या इंद्रियांना रक्त पुरवते. पोटातल्या महाधमनीची रुंदी साधारण २ सेंटिमीटर. उतारवय, बिडी-सिगारेट, वाढलेला रक्तदाब यांनी भिंत खचली की ती एका जागी फुगू लागते. फुगा बहुधा दुखत नाही. फुटला, तर मात्र रोगी दवाखाना गाठील याची शाश्वती नसते.

सुश्रुताने शिरांच्या गाठींचे वर्णन करून ठेवले आहे, आणि मर्मस्थानी वाढलेली अशी मोठी गाठ असाध्य मानली आहे. पुढे कित्येक शतके ते खरेच ठरले. १८१७ साली लंडनच्या अ‍ॅस्टली कूपरने, पायाकडच्या फाट्यावरचा फुगा फुटलेल्या एका हमालाची महाधमनीच दोऱ्याने बांधली. रक्त थांबले, पण सुमारे ४० तासांत तो गेला. कालवाच बंद केला तर खालचे शेत जगणार कसे?

मास्तर मंडळींना आइन्स्टाइन ठाऊक आहेतच. त्यांनाही हाच विकार होता. १९४८ साली रुडॉल्फ निसेन यांनी त्यांच्या फुग्याभोवती सेलोफेन गुंडाळले. भिंतीला बाहेरून लिंपण घातले म्हणा ना! त्यावर सहा-एक वर्षे निभावली. १९५५ च्या एप्रिलमध्ये फुगा फुटला, आणि त्यांनी शस्त्रक्रियेला नकार दिला.

खरा मार्ग तोवर सापडला होता. १९५१ साली पॅरिसच्या शार्ल द्युबोस्त यांनी फुगा कापून काढला आणि मृत माणसाची जपून ठेवलेली धमनी तिथे जोडली. अमेरिकेत मायकेल डिबेकी यांनी डेक्रॉन कापडाच्या नळ्या चक्क घरच्या शिलाई यंत्रावर शिवल्या. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ साली देशातले पहिले हृदयारोपण केले, हे पुष्कळांनी ऐकले असेल. पण त्यांनी, डॉ. परुळकर आणि इतर सहकाऱ्यांनी महाधमनीच्या दाहाचे १०१ रुग्ण अभ्यासून १९७३ साली ग्रंथ काढला, हे काम माझ्या मते तितकेच मोलाचे आहे.

पोट उघडण्याचा हा प्रकार थकल्या शरीराला मात्र झेपेना. तेव्हा अर्जेंटिनाच्या हुआन पारोदी यांनी १९९० साली जांघेतल्या धमनीतून कापडाची नळी वर सरकवली आणि जाळीच्या कड्याने आतूनच पक्की बसवली. खचलेल्या काठाच्या कालव्यात पाइप टाकावा, तसे. पाणी पाइपातून जाते, काठावर जोर येत नाही.

पण फुगा फाट्यापर्यंत पसरला असेल तर? पाइप पुढे लांबवावा लागतो, आणि आतल्या वाटेचे तोंड झाकले जाते. मग काही रोगी शंभर पावले चालले की कुल्ले भरून येतात. पुरुषत्वावर परिणाम होतो. क्वचित आतड्याला रक्त कमी पडते. यावर तोड म्हणून नळीलाच बगलेला लहान फांदी ठेवली. तिच्यातून दुसरी छोटी नळी आतल्या वाटेत सोडायची, की चारी वाहती राहते. या शतकाच्या आरंभी अशा नळ्या वापरात येऊ लागल्या. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने पहिलीला २०१६ साली मान्यता दिली.

हे काम जाणणारे हात मोठ्या शहरांतच भेटतात. फुगा ओळखायला मात्र साधी सोनोग्राफी पुरते. आपल्याकडे पोटात ठोके उडू लागले की "बेंबी सरकली" म्हणून पोट चोळून घेतात. सडपातळ माणसाच्या पोटात ठोका लागणे तसे नेहमीचे. पण साठी ओलांडलेल्या, बिडी ओढणाऱ्या आजोबांच्या पोटात रुंद, उडणारी गाठ लागली, तर चोळणाऱ्याचा हात धरा आणि आधी तपासणी करा.

नळी बसल्यावरही सुटका नाही बरे का. तिच्या कडेने रक्त झिरपू शकते आणि फुगा पुन्हा वाढतो. म्हणून पाटकरी कालव्यावर फेरी मारतो तशी या रोग्याला ठरल्या मुदतीने तपासणी करून घ्यावी लागते, जन्मभर.