घडी घातलेला आवाज

गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि पहाटेची जाती थांबली. जात्याबरोबर ओव्याही थांबू लागल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी 1980च्या दशकापासून खेडोपाडी अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्नार बेल हे फ्रेंच संशोधक त्यांना मिळाले आणि 120 तासांहून अधिक ध्वनिमुद्रणाची नोंदवार मांडणी झाली. शब्द वहीत मावतात. पण गाणारीचा सूर आणि हेल टिकवायचा तर आवाजच साठवायला हवा. त्याला जागा किती लागते?

1982मध्ये बाजारात आलेल्या सीडीचे माप घेऊ. तिच्यात ध्वनिलहर सेकंदाला 44,100 वेळा मोजतात. प्रत्येक नमुन्याला 2 बाइट आणि वाहिन्या दोन, म्हणजे सेकंदाला 1,76,400 बाइट. या हिशेबाने 120 तासांना सुमारे 76 गिगाबाइट, जवळजवळ शंभर सीडी! त्या दशकातल्या घरगुती संगणकात एवढी जागा नसे.

जागा वाचवण्याचे मार्ग दोन. पहिला एमपी3चा. कानाला सहसा जाणवत नाही असा भाग त्यात टाकून देतात. सेकंदाला 16,000 बाइट ठेवले तर फाइल अकरापट लहान होते; पण टाकलेले परत मिळत नाही. दुसऱ्या मार्गात काहीच टाकायचे नसते. आवाजाची नुसती घडी घालायची, उलगडली की मूळ आकडे जसेच्या तसे.

हे कसे जमते? समजा, नमुने 1000, 1004, 1009, 1013 असे आहेत. पहिल्या दोहोंत 4ची वाढ आहे, म्हणून तिसरा 1008 असेल असा अंदाज करू. तो निघाला 1009, चूक 1. आता वाढ 5 झाली, म्हणून पुढचा अंदाज 1014. चूक उणे 1. पहिले दोन आकडे आणि या चिमुकल्या चुका लिहिल्या की पुरे. अंदाजात चूक मिळवली की मूळ आकडा हजर! विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घ्यावे.

या युक्तीचे धागे जुने आहेत. वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड संकेत देण्याची रीत डेव्हिड हफमन यांनी 1952मध्ये मांडली. बोलण्याच्या लहरीचा अंदाज बांधण्याचे काम बेल लॅबोरेटरीजमध्ये भारतात जन्मलेले बिष्णू अटल आणि मॅनफ्रेड श्रोडर यांनी 1967मध्ये पुढे आणले. लहान आकड्यांसाठी सोयीचे संकेत रॉबर्ट राइस यांनी 1970च्या दशकात अवकाशयानांच्या माहितीसाठी बनवले. टोनी रॉबिन्सन यांनी 1990च्या दशकात ‘शॉर्टन’मध्ये अंदाज आणि हे संकेत आवाजासाठी एकत्र वापरले. जॉश कोलसन यांचे विनामूल्य ‘फ्लॅक’ 2001मध्ये आले.

फ्लॅकमध्ये 0 ते 8 अशा पातळ्या असतात. आठवी पातळी म्हणजे अधिक चांगला आवाज, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. नवाही पातळ्यांतून तोच आवाज परत मिळतो. वरच्या पातळीवर संगणक अंदाजासाठी अधिक मागे, आठवीत 12 नमुन्यांपर्यंत, पाहतो आणि जास्त वेळ घेतो. फाइल मात्र थोडीशीच लहान होते. बहुधा ती मूळच्या 50 ते 70 टक्के भरते. घरघर, खरखर असे आवाज फारसे आक्रसत नाहीत, कारण त्यांचा अंदाज बांधता येत नाही. जात्याचा आवाज त्यांतलाच!

हा हिशेब शाळेलाही उपयोगी आहे. वाशीम जिल्ह्यात म्हाताऱ्यांच्या तोंडी वऱ्हाडी म्हणी आणि गाणी आहेत. पोहरादेवीच्या परिसरातील तांड्यांवर गोरमाटी गाणी आहेत, आणि त्या बोलीला स्वतःची लिपी नाही. विद्यार्थ्यांनी मोबाइलवर ती मुद्रित करताना सुरुवातीलाच एमपी3 निवडू नये. मूळ प्रत फ्लॅकमध्ये, दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी आणि वाटण्यासाठी तिच्यावरून एमपी3 करावी. फ्लॅकवरून एमपी3 केव्हाही करता येते; एमपी3मधून गेलेला आवाज मात्र परत आणता येत नाही, आणि तोवर गाणारी आजी असेलच असे नाही.